मातीविना शेतीत द्रावणाची तीव्रता कशी मोजावी ?

लेखक : कृषि अधिकारी, यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्हा हा कापूस, तूर व सोयाबीन यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील काळी, भारी जमीन हेच आपल्या शेतकऱ्याचे मुख्य भांडवल होय. तथापि अलीकडच्या काळात शेडनेटचा प्रसार झाल्यापासून, विशेषतः शहरांच्या व तालुक्याच्या गावांच्या जवळपास, मातीविना पालेभाज्या पिकविण्याकडे तरुण शेतकऱ्यांचे लक्ष वेधू लागले आहे. प्लॅस्टिकच्या नळ्यांतून वा पन्हळींतून अन्नद्रव्यमिश्रित पाणी खेळते ठेवणे, अथवा कोकोपीट भरलेल्या पिशव्यांत रोपे लावून त्यांना असे पाणी देणे, हे या पद्धतीचे सर्वसाधारण स्वरूप आहे. हिला हायड्रोपोनिक्स असे म्हणतात.

या पद्धतीची माहिती घेणारा शेतकरी पुष्कळदा नळ्या कोणत्या घ्याव्यात, पंप किती शक्तीचा असावा, याची चौकशी प्रथम करतो. परंतु पिकाचे यशापयश ज्यावर अवलंबून आहे तो प्रश्न निराळाच आहे. पाण्यात विरघळलेल्या खतांची तीव्रता किती आहे, हे आपण कशाने मोजणार आणि कोणत्या मापात लिहून ठेवणार, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

माती जे काम करते ते कोणी करावे ?

काळ्या जमिनीतील चिकण कणांच्या अंगी अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची मोठी शक्ती असते. शेतकऱ्याच्या हातून खत थोडे जास्त पडले तर माती ते धरून ठेवते आणि कमी पडले तर आपल्या साठ्यातून पुरविते. पेरणीच्या वेळी झालेली चूक अशा रीतीने काही अंशी मातीच सावरून घेते. नळीतील पाण्यात ही सोय नाही. द्रावण दुपटीने तीव्र झाले तर त्याच दिवशी मुळांना त्याचा उपसर्ग सुरू होतो. मुळांबाहेरील पाण्यात क्षार जास्त झाले म्हणजे मुळांना पाणी ओढून घेणे अवघड जाते. पाण्यात उभी असूनही रोपे दुपारी माना टाकतात व पानांच्या कडा करपतात. उलट, द्रावण पातळ राहिल्यास पाने फिकी पडतात व वाढ खुंटते. यास्तव जो माती सोडतो त्याने मातीचे काम स्वतःकडे घेतले, असे समजले पाहिजे, आणि मोजमापाशिवाय ते काम होत नाही.

मातीविना वनस्पती वाढविण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीतील साक्स व क्नोप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखविली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक गेरिक यांनी १९३७ मध्ये या पद्धतीस हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले, आणि त्याच विद्यापीठातील होगलंड व अर्नॉन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले द्रावणाचे सूत्र आजही जगभर आधारभूत मानले जाते. भारतात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिम्पाँग येथे साध्या साधनांनी अशी शेती करून पाहिली व १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्या काळी सूत्राप्रमाणे क्षार तोलून घेणे हाच मुख्य आधार होता. आज खिशात मावणारे मीटर बाजारात मिळतात. परंतु त्यांवर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ समजून न घेतल्यास सोयीऐवजी नुकसान पदरी पडते.

मोजण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग वजनकाट्याचा. किती लिटर पाण्यात किती ग्रॅम खत टाकले, हे ठाऊक असले म्हणजे प्रारंभीचे द्रावण ठरविता येते. हा मार्ग अपरिहार्य आहे, कारण खतांचे परस्परप्रमाण केवळ यानेच राखले जाते. परंतु द्रावण टाकीत फिरू लागल्यावर रोपांनी किती अन्न घेतले व किती पाणी घेतले, हे काटा सांगू शकत नाही.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेतील पृथक्करणाचा. प्रत्येक अन्नद्रव्याचे प्रमाण यातून वेगवेगळे कळते. सर्वांत विश्वसनीय असा हा मार्ग आहे, परंतु तो रोजच्या कामाचा नाही. हंगामाच्या आरंभी पाण्याचे, आणि शंका आल्यास द्रावणाचे पृथक्करण करून घ्यावे.

तिसरा मार्ग टीडीएस मीटरचा. घरोघरी पाणी शुद्धीकरणाची यंत्रे बसविणारे कारागीर जो लहानसा मीटर पेल्यात बुडवून दाखवितात, तोच हा. यावर आकडा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लक्ष भागांत किती भाग या मापात येतो.

चौथा मार्ग विद्युत वाहकतेचा, म्हणजेच ईसी मीटरचा. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पाण्यात क्षार विरघळले म्हणजे त्यांचे विद्युतभारित कण होतात व वीज वाहू लागते. क्षार जितके अधिक तितकी वाहकता अधिक. हिचे माप मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असे लिहितात.

पहिल्या दोन मार्गांविषयी मतभेद नाही. निवड करावयाची ती तिसऱ्या व चौथ्या मार्गांत.

पीपीएमच्या आकड्यातील अडचण

पुष्कळांची अशी समजूत असते की टीडीएस मीटर पाण्यातील क्षार तोलतो. वस्तुतः तसे नाही. हा मीटरही वीजच मोजतो आणि आलेल्या वाहकतेस एका ठरीव अंकाने गुणून पीपीएमचा आकडा दाखवितो. हा गुणक मात्र सर्व मीटरांत एक नाही. काही मीटर एक मिलिसीमेन्सला ५०० पीपीएम धरतात, काही ७०० धरतात, तर प्रयोगशाळांच्या हिशोबात पुष्कळदा ६४० धरण्याची पद्धत आहे. ५०० चा गुणक साध्या मिठाच्या द्रावणावरून आला आहे. ७०० चा गुणक सोडियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट व मीठ यांच्या मिश्रणावरून ठरविला आहे. आपण टाकीत घालतो ती खते या दोहोंपैकी कशातच नाहीत.

याचा परिणाम काय होतो तो पाहू. समजा, एका पुस्तिकेत पालकासाठी १,४०० पीपीएम द्रावण ठेवावे असे लिहिले आहे, आणि ती लिहिणाराचा मीटर ७०० गुणकाचा होता. याचा अर्थ त्यास २.० मिलिसीमेन्स वाहकता अभिप्रेत होती. आता आपल्या शेतकऱ्याजवळील मीटर ५०० गुणकाचा असेल, तर त्यावर १,४०० दिसेपर्यंत खत घालीत गेल्यास वाहकता २.८ होईल. म्हणजे द्रावण ४० टक्क्यांनी अधिक तीव्र झाले. शेतकऱ्याने सूचना तंतोतंत पाळली, मीटरही नादुरुस्त नव्हता, तरी एप्रिलच्या उन्हात पाने करपली आणि महागडी विद्राव्य खतेही वाया गेली.

दुसरी गोष्ट अशी की, सारख्या वजनाची निरनिराळी खते सारखी वाहकता देत नाहीत. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम खत विरघळविल्यास वाहकता सुमारे पुढीलप्रमाणे वाढते :

सल्फेट ऑफ पोटॅश — १.५
पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) — १.३
कॅल्शियम नायट्रेट — १.२
मॅग्नेशियम सल्फेट — ०.७
मोनो पोटॅशियम फॉस्फेट (००:५२:३४) — ०.७
युरिया — शून्य

वरील प्रत्येक द्रावणात खताचे खरे प्रमाण १,००० पीपीएमच आहे. परंतु ५०० गुणकाचा मीटर सल्फेट ऑफ पोटॅशला ७५० दाखवील व मॅग्नेशियम सल्फेटला ३५०. तेव्हा मीटरवरील पीपीएम हे खताचे वजन नव्हे, तो केवळ एक अंदाज आहे. वाहकतेचा आकडा मात्र प्रत्यक्ष मोजलेला असतो आणि यवतमाळात, पुण्यात वा हॉलंडात त्याचा अर्थ एकच राहतो.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींना आमची अशी शिफारस आहे की त्यांनी वाहकता दाखविणारा मीटरच घ्यावा, सर्व नोंदी मिलिसीमेन्समध्येच ठेवाव्यात, आणि कोणी पीपीएममध्ये सल्ला दिल्यास प्रथम "गुणक कोणता ?" असे विचारावे.

हे माप आपल्या ओळखीचे आहे

वाहकता हे माप नवे वाटण्याचे कारण नाही. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळत असलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामूच्या जोडीने विद्युत वाहकतेचाही आकडा असतो. तेथे तो डेसीसीमेन्स प्रति मीटर या नावाने लिहितात. एक डेसीसीमेन्स प्रति मीटर म्हणजेच एक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. जुन्या अहवालांत मिलिमोज प्रति सेंटिमीटर असे आढळते, तेही तेवढेच. मात्र पत्रिकेतील आकडा माती पाण्यात कालवून घेतलेला असल्यामुळे त्याची तुलना टाकीतील द्रावणाच्या आकड्याशी करू नये. माप एक असले तरी मोजलेली वस्तू वेगळी आहे.

विहिरीच्या पाण्याचा हिशोब

मीटर हाती आल्यावर पहिले काम म्हणजे खत घालण्यापूर्वी कोऱ्या पाण्याची वाहकता पाहणे. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या दगडाचा आहे आणि अशा भागातील विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आढळतात. वणी, मारेगाव व झरी जामणीकडे चुनखडीचे व कोळशाचेही थर आहेत. त्यामुळे दारव्ह्याच्या आणि वणीच्या दोन विहिरींची वाहकता सारखी आली तरी आतील क्षार सारखेच असतील असे धरून चालता येत नाही.

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये ओलिताच्या पाण्याचे जे वर्ग पाडले, त्यांत ०.२५ पर्यंतचे पाणी पहिल्या, ०.७५ पर्यंतचे दुसऱ्या, २.२५ पर्यंतचे तिसऱ्या व त्यापुढचे चौथ्या वर्गात येते. ही विभागणी जमिनीच्या ओलितासाठी आहे. मातीविना शेतीत आपणांस अधिक काटेकोर राहावे लागते, कारण मूळ पाण्यातील क्षार खताची जागा अडवितात.

उदाहरणादाखल एक हिशोब पाहू. १,००० लिटर पाण्यास कॅल्शियम नायट्रेट ८०० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ४०० ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट २०० ग्रॅम व मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम घातले, तर वरील कोष्टकावरून वाहकतेत सुमारे १.९ ची भर पडेल. पावसाच्या पाण्यात हे द्रावण पालकास योग्य ठरेल. परंतु विहिरीच्या पाण्याचीच वाहकता ०.८ असल्यास एकूण २.७ होईल. मग एकूण आकडा २.० वर आणण्यासाठी खत कमी केले, तर प्रत्यक्ष अन्न १.२ इतकेच उरेल, म्हणजे सूत्राच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. आकडा बरोबर आणि पीक उपाशी, अशी ही स्थिती होय.

यावर सोपा उपाय आपल्या छपरावर आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी पडते आणि गळती व उडणे वजा जाता त्यातील बराच भाग साठविता येतो. १.२ वाहकतेच्या विहिरीच्या पाण्यात तेवढेच पावसाचे पाणी मिसळल्यास वाहकता ०.६५ च्या आसपास येते. मूळ पाणी ०.७५ च्या वर असल्यास असे मिश्रण करावे, आणि पाण्याचे पृथक्करण करून घेतल्याशिवाय भांडवल गुंतवू नये.

मीटरला काय दिसत नाही

वाहकता ही सर्व क्षारांची बेरीज आहे. बेरजेवरून घटक ओळखता येत नाहीत, ही तिची मर्यादा नेहमी ध्यानात ठेवावी.

युरिया वीज वाहून नेत नाही. १९:१९:१९ या विद्राव्य खतातील नत्राचा काही भाग युरियाच्या रूपात असतो व त्यात कॅल्शियम मुळीच नसते. केवळ या खतावर टाकी चालविणाऱ्यास मीटर अर्धेच सत्य सांगतो. लोह, जस्त, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये इतक्या अल्प प्रमाणात लागतात की त्यांचा आकड्यावर प्रभाव दिसत नाही. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या राहिल्या तर मीटर समाधानकारक असूनही लोहाची उणीव आहे असे समजावे व सामू तपासावा. सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा, तो वर गेल्यास असलेले लोहही मुळांना मिळत नाही.

तिसरी गोष्ट फ्लोराइडची. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते प्रति लिटर १.५ मिलिग्रॅमच्या वर असू नये, असे भारतीय मानक आहे. एवढ्याशा फ्लोराइडने वाहकतेचा आकडा जेमतेम एक-शतांश हलतो. म्हणून ईसी अथवा टीडीएसचा आकडा कमी आला एवढ्यावरून पाणी पिण्यास निर्धोक आहे, असा निष्कर्ष कोणीही काढू नये. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी.

उन्हाळ्याचा परिणाम

पाणी तापले म्हणजे त्याची वाहकता दर अंशास सुमारे दोन टक्के वाढते. म्हणून जगभर आकडे २५ अंश सेल्सिअसला धरून दिले जातात. आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावरील टाकीचे पाणी ४० अंशांपर्यंत तापले, तर तपमान-दुरुस्ती नसलेला मीटर सुमारे ३० टक्के अधिक आकडा दाखवील आणि शेतकरी विनाकारण पाणी घालून द्रावण पातळ करील. म्हणून स्वयंचलित तपमान-दुरुस्ती असलेलाच मीटर घ्यावा.

तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २५ अंशांस तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांस सुमारे ७ मिलिग्रॅम असतो. टाकी जमिनीत पुरावी, सावलीत ठेवावी, वरून ओले गोणपाट टाकावे. उन्हाळ्यात रोपे अन्नाहून पाणी अधिक ओढतात, यास्तव या दिवसांत पुढे दिलेल्या मर्यादेतील खालचा आकडा धरावा.

पीकवार मर्यादा व रोजची नोंद

सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) :

लेट्यूस व कोथिंबीर — १.२ ते १.८
पालक — १.८ ते २.३
पुदिना — २.० ते २.४
काकडी — १.७ ते २.५
टोमॅटो — २.० ते ३.५

लहान रोपांस याच्या निम्म्या तीव्रतेपासून आरंभ करावा.

दररोज सकाळी एकाच वेळी, द्रावण चांगले ढवळून, वाहकता, सामू व टाकीतील पाण्याची पातळी वहीत लिहावी. पातळी उतरली व वाहकता चढली, तर रोपांनी पाणी अधिक घेतले आहे, नुसते पाणी घालावे. पातळी उतरली व वाहकताही उतरली, तर अन्न अधिक घेतले गेले आहे, तयार द्रावण घालावे. पातळी उतरूनही वाहकता स्थिर राहिली, तर चालू तीव्रता पिकास मानवते आहे, त्याच तीव्रतेच्या द्रावणाने टाकी भरावी. मात्र असे भरत राहिल्याने रोपांना नको असलेले सोडियमसारखे क्षार साचत जातात व बेरीज तीच दिसते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी टाकी संपूर्ण बदलणे हिताचे असते.

तीव्र साठा-द्रावण करताना कॅल्शियम नायट्रेट एका पिंपात व फॉस्फेट-सल्फेट दुसऱ्या पिंपात ठेवावे. एकत्र केल्यास पांढरा साका तळाशी बसतो आणि तेवढे अन्न पिकास मुकते. मिसळल्यावर वाहकता अपेक्षेहून बरीच कमी आली, तर अशा साक्याचा संशय घ्यावा.

मीटरची पारख व निगा

मीटर खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी १.४१३ मिलिसीमेन्सचे प्रमाण-द्रावण बाजारात मिळते. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड ०.७४५५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर केल्यास २५ अंशांस तेच द्रावण तयार होते. घरगुती काट्यावर हे वजन होत नाही, म्हणून मृद चाचणी प्रयोगशाळेची अथवा महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाची मदत घ्यावी. महिन्यातून एकदा तरी मीटर या द्रावणात तपासावा.

ज्यांच्याजवळ पीपीएमचाच मीटर आहे त्यांनी तो फेकून देण्याचे कारण नाही. तो याच द्रावणात बुडवावा. आकडा ७०० च्या आसपास आला तर गुणक ५००, ९०० च्या आसपास आला तर ६४०, आणि १,००० च्या आसपास आला तर ७०० आहे. तो गुणक मीटरवर चिकटवून ठेवावा व येणाऱ्या प्रत्येक आकड्यास त्याने भागावे, म्हणजे मिलिसीमेन्स मिळतील. प्रत्येक वापरानंतर मीटरचे टोक स्वच्छ पाण्याने धुवावे, त्यावर क्षार वाळू देऊ नयेत.

चाऱ्यासाठी याची जरुरी नाही

मक्याचा हायड्रोपोनिक चारा करणाऱ्या पशुपालकांनीही विद्राव्य खते व मीटर घ्यावेत काय, असे पुष्कळदा विचारले जाते. ट्रेमधील चारा सात-आठ दिवसांतच काढावयाचा असतो व तेवढ्या काळापुरते अन्न दाण्यातच साठविलेले असते. त्यास स्वच्छ पाणी पुरे होते. तेथे बुरशी न येऊ देणे हेच मुख्य काम आहे, खतावर खर्च करू नये.

वापरलेले द्रावण

बदलताना काढलेले द्रावण नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. त्यात नायट्रेट शिल्लक असते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे, आणि टाकीतील द्रावण त्याच्या अनेक पट तीव्र असते. ते दुप्पट-तिप्पट पाण्यात मिसळून फळझाडांस अथवा शेतातील पिकांस द्यावे.

मातीविना शेती सुरू करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम पाणी तपासावे, मग वजनकाटा व वाहकतेचा मीटर घ्यावा, आणि त्यानंतरच नळ्यांची खरेदी करावी. एका लहान टाकीवर एक हंगाम रोजची वही ठेवून अनुभव घ्यावा व त्या वहीसह जवळच्या कृषि कार्यालयाकडे अथवा कृषि विज्ञान केंद्राकडे सल्ल्यासाठी यावे. वहीत आकडे एकाच मापात लिहिलेले असले म्हणजे सल्ला देणाऱ्यास पिकाचा इतिहास वाचता येतो व योग्य उपाय वेळेवर सुचविता येतो.